कराचीस न पोहोचलेली वायुनौका

पुण्याहून बारामती सुमारे शंभर किलोमीटर. इंदापूर सोलापूरच्या सडकेने त्याहून थोडे पुढे. हा प्रवास आगगाडीने, मोटारीने, आणि आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळी बैलगाडीनेही झालेला आहे. परंतु क्षणभर अशी कल्पना करा, की आपण एका ७७७ फूट लांबीच्या रुपेरी नौकेत बसलो आहो, ती नौका जमिनीपासून हजार-दीड हजार फुटांवरून संथपणे तरंगत चालली आहे, आपण वेताच्या खुर्चीवर बसून खालची उसाची शेते आणि नीरेचा कालवा पाहत आहो, आणि चहाचा पेला रिकामा होऊन गप्पा रंगतात न रंगतात तोच तासाभरात बारामती आलीदेखील. ही केवळ कविकल्पना नव्हे. १९३० साली अशी एक नौका विलायतेहून खरोखरच आपल्या देशाकडे निघाली होती. ती कराचीस उतरावयाची होती. आणि कराची त्या वेळी आपल्याच मुंबई इलाख्यात मोडत असे. सिंध प्रांत निराळा झाला तो १९३६ च्या एप्रिलात. कराचीतील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते शहर परके वाटणार नाही.

ती नौका कराचीस पोहोचली नाही. ती का पोहोचली नाही, हे आज मला सांगावयाचे आहे. कारण तिची कहाणी हायड्रोजन वायूच्या ज्वालाग्राहीपणाची आहे खरी, पण त्याहूनही अधिक ती एका शब्दाची आहे. तो शब्द म्हणजे ‘आज नाही’.

प्रथम ही नौका म्हणजे काय ते पाहू. हवेपेक्षा हलका वायू पिशवीत कोंडला की ती वर जाते, हे जत्रेतल्या फुग्यावरून मुलांनाही ठाऊक असते. परंतु नुसत्या फुग्याला आकार राहत नाही, आणि आकार नसला म्हणजे वेगाने हाकता येत नाही. यावर जर्मनीतील काउंट फर्डिनांड फॉन झेपेलिन यांनी तोडगा काढला. हलक्या धातूचा लांबट, कठीण सांगाडा करावयाचा, त्याच्या पोटात एकामागून एक अशा वायूच्या स्वतंत्र पिशव्या भरावयाच्या, वरून कापडाचे आवरण ताणावयाचे, आणि एंजिने व सुकाणू लावून जहाजाप्रमाणे हाकावयाचे. एखादी पिशवी फाटली तरी बाकीच्या तारून नेतात. या पिशव्यांचे अस्तर बैलांच्या आतड्यांच्या पातळ पापुद्र्याचे असे. वायू कोंडून ठेवण्यास त्याहून हलके व घट्ट द्रव्य त्या वेळी मिळत नव्हते.

झेपेलिन यांची पहिली नौका २ जुलै १९०० रोजी बोडेन सरोवरावर उडाली. पुढे १९०८ च्या ऑगस्टात त्यांची चौथी नौका एष्टरडिंगेन या गावी वादळात सापडून जळाली. वृद्ध काउंटचे सर्वस्व गेले असे वाटत असतानाच जर्मन जनतेने वर्गणी सुरू केली, आणि साठ लाखांवर मार्क गोळा झाले. त्याच पैशावर कारखाना उभा राहिला. १९०९ साली जगातील पहिली हवाई प्रवासी कंपनी निघाली. १९१४ पर्यंत तिच्या नौकांनी पंधराशेंहून अधिक फेऱ्या केल्या आणि नोकरवर्ग धरून चौतीस हजारांच्या वर माणसे आकाशात नेऊन सुखरूप खाली आणली. या फेऱ्या बहुधा हौसेच्या होत्या. दूरच्या प्रवासाची शक्यता दाखविली ती महायुद्धाने. १९१७ साली एक जर्मन नौका बल्गेरियातून निघून थेट सुदानात खार्टूमच्या आसपासपर्यंत गेली आणि कोठेही न उतरता परत आली. ९५ तास ती सारखी हवेत होती. १९१९ च्या जुलैत ‘आर ३४’ या ब्रिटिश नौकेने स्कॉटलंडहून अमेरिका १०८ तासांत गाठली आणि ती परतही आली. त्या काळच्या विमानाला दोन-चार माणसे घेऊन काही तास उडणे हाच पराक्रम वाटे. समुद्र ओलांडावयाचा तर वायुनौकेनेच, असे जाणत्या माणसांना वाटू लागले असल्यास त्यात नवल नाही.

या विचाराने १९२४ साली ब्रिटिश सरकारने एक मोठी योजना हाती घेतली. मुंबईहून विलायतेस आगबोटीने दोन-तीन आठवडे लागत. ते अंतर पाचसहा दिवसांवर आणावयाचे होते. दोन नौका बांधावयाच्या ठरल्या. त्यांपैकी ‘आर १००’ एका खाजगी कंपनीकडे देण्यात आली, आणि ‘आर १०१’ सरकारने कार्डिंग्टन येथे स्वतः बांधावयास घेतली. या योजनेचे प्रवर्तक विमानखात्याचे मंत्री लॉर्ड थॉमसन होत. योगायोग असा, की या गृहस्थांचा जन्म १८७५ साली आपल्या नाशिकचा. ते हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होणार अशी बोलवा होती. आणि ज्या भूमीवर आपण जन्मलो तेथे आकाशमार्गाने उतरणारा पहिला मंत्री आपण व्हावे, ही इच्छा त्यांच्या मनात असणे स्वाभाविकच होते.

कराचीस सारी सिद्धता झाली. नौका बांधण्यासाठी उंच मनोरा उभारला गेला, आणि तिला आत घेण्यासाठी ८५० फूट लांबीचे एक प्रचंड लोखंडी छप्पर उभे राहिले. लोक त्याला ‘काळा छपरा’ म्हणू लागले.

आता येथे एक हिशेब आपण आपल्याच गावाचा करू; म्हणजे या नौकांची खरी अडचण ध्यानात येईल. हवा तापली की विरळ होते, आणि उंचावरची हवाही विरळ असते. हवा जितकी विरळ, तितका तिचा आधार कमी. नौकेची पोकळी ठरलेली. ती काही वाढविता येत नाही. ‘आर १०१’ ला थंड हवेत, समुद्रसपाटीवर, स्वतःच्या वजनासकट १६० टनांच्या आसपास भार उचलता येत असे. बारामती समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंच, आणि वैशाखात तेथे पारा चाळीस अंशांना टेकतो. या दोन्ही कारणांनी मिळून नौकेची उचलण्याची शक्ती तेराचौदा टक्क्यांनी, म्हणजे वीस-बावीस टनांनी घटली असती. नौकेचे स्वतःचे वजन तर यत्किंचितही कमी होत नाही. अर्थात हे वीस टन जावयाचे ते उतारूंतून, सामानातून आणि तेलातून. कराची समुद्राकाठी असल्याने तेथे उंचीचा तोटा नव्हता. परंतु उन्हाचा होताच. थोडक्यात, बर्फाळ देशात जन्मलेल्या या साधनाला आपल्या देशाच्या उन्हाचा हिशेब जड जात होता.

आणि ‘आर १०१’ मुळातच जड झाली होती. १९२९ च्या अखेरीस तिचे वजन घेतले गेले, तेव्हा उतारू, सामान व तेल यांसाठी साठ टनांची अपेक्षा असताना प्रत्यक्षात पस्तीस टनच हाती राहतात असे दिसून आले. उष्ण हवेत पेट्रोल धोक्याचे ठरेल या भीतीने तिला डीझेल एंजिने बसविली होती, आणि ती फार जड होती. तेव्हा वजन घटवून पाहिले, पिशव्या अधिक फुगतील असे केले, आणि अखेरीस १९३० च्या उन्हाळ्यात नौका मधोमध कापून तिच्यात आणखी एक खण बसविला. पिशव्या मोठ्या केल्या तेव्हा त्या सांगाड्यावर घासू लागल्या. त्यांना बारीक भोके पडू लागली. जेथे घासते तेथे गादीसारखे वेष्टन बांधणे, एवढाच उपाय योजण्यात आला.

श्रोतेहो, या कहाणीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट येथे घडली. कार्डिंग्टन येथे मॅकवेड नावाचे एक सरकारी निरीक्षक होते. त्यांनी जुलै १९३० मध्ये आपल्या वरिष्ठांना स्वच्छ लिहून कळविले, की वेष्टने बांधण्याचा हा उपाय पुरेसा नाही, आणि या स्थितीत नौकेचा उड्डाणाचा परवाना पुढे चालू ठेवण्याची शिफारस मी करू शकत नाही. निरीक्षकाने आपले कर्तव्य चोख बजावले होते. परंतु ते पत्र गेले कोठे? ज्या विभागाने नौका बांधली त्याच विभागाच्या प्रमुखाकडे ते अभिप्रायासाठी पाठविले गेले! ज्याच्या कामाविषयी तक्रार, त्यानेच ‘तक्रारीत तथ्य नाही’ असा निर्वाळा दिला, आणि पत्र दप्तरात पडले. नौका बांधणारे, तपासणारे, परवाना देणारे आणि तिच्यातून जाणारे, सारे एकाच मंत्र्याच्या हाताखाली होते. ‘आज नाही’ म्हणणारा माणूस होता. त्याचे म्हणणे ऐकणे ज्याला भाग आहे असा मात्र कोणी नव्हता.

इकडे ‘आर १००’ त्याच उन्हाळ्यात कॅनडास जाऊन सुखरूप परत आली होती. मंत्रिमहाशयांना ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात लंडनच्या साम्राज्य-परिषदेसाठी परत हजर व्हावयाचे होते. मुहूर्त ठरला. वाढविलेल्या नौकेची चाचणी १ ऑक्टोबर रोजी एकदाच झाली, तीही शांत हवेत. आणि एका एंजिनात बिघाड झाल्यामुळे पूर्ण वेगाची परीक्षा त्या वेळी झालीच नाही. उड्डाणाचे प्रमाणपत्र निघण्याच्या जरा आधी हातात पडले. ४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, पाऊसवारा वाढत असताना, ५४ माणसे घेऊन ‘आर १०१’ मनोऱ्यावरून सुटली. इजिप्तमध्ये इस्मायलिया येथे मेजवानी व्हावयाची होती. तिच्यासाठी गालिचेही बरोबर घेतले होते. दुसरे दिवशी पहाटे दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ नौकेने नाक खाली केले, ती एका टेकडीला टेकली, आणि क्षणार्धात पेटली. अठ्ठेचाळीस माणसे मृत्युमुखी पडली. नाशिकला जन्मलेले लॉर्ड थॉमसन त्यांत होते. मॅकवेडचे पत्र ज्यांच्याकडे आले होते ते प्रमुखही त्यांतच गेले. त्यांनी दुसऱ्यांना धोक्यात लोटून आपण मागे राहावे असे केले नव्हते. हे मान्य केले पाहिजे. त्यांचा विश्वास खरा होता. परंतु विश्वास खरा असला म्हणून पिशव्यांची भोके बुजत नाहीत.

या अपघाताच्या चौकशीचे अध्यक्ष कोण होते ते ऐकून आपणांस मौज वाटेल. ज्यांच्या कमिशनला १९२८ साली मुंबईपासून लाहोरपर्यंत काळी निशाणे दाखविण्यात आली, तेच सर जॉन सायमन. आपल्या देशाच्या राजकारणात त्यांचा निवाडा कोणाला पटला नाही. पण या प्रकरणी त्यांच्या अहवालाने जे सांगितले ते निर्भीड होते. सार्वजनिक धोरणाची निकड नसती, तर नौका त्या संध्याकाळी निघालीच नसती, असा त्याचा आशय होता. पुढच्याच वर्षी धडधाकट ‘आर १००’ देखील मोडीत काढण्यात आली, आणि ब्रिटनमध्ये वायुनौकेचा अध्याय संपला.

याच वर्षांत जर्मनीत काय चालले होते? १९२८ साली बांधलेल्या ‘ग्राफ झेपेलिन’ने पुढील वर्षी एकवीस दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली. १९३२ पासून ती जर्मनीहून ब्राझीलला नियमित जाऊ-येऊ लागली. नऊ वर्षांत ५९० उड्डाणे झाली, सतराएक लाख किलोमीटर प्रवास झाला, आणि एकाही उतारूला इजा झाली नाही. वायू तोच, ज्वालाग्राही हायड्रोजन! मग फरक कशात होता? फरक बराचसा डॉक्टर ह्यूगो एकेनर या गृहस्थांत होता. ते कंपनीचे प्रमुख होते आणि कप्तानही होते. १९२९ च्या मे महिन्यात अमेरिकेस निघालेल्या या नौकेची एंजिने वाटेत बंद पडू लागली, तेव्हा त्यांनी ती मागे फिरविली आणि फ्रान्समध्ये आश्रय घेतला. जगाने काय म्हटले असेल ते म्हणो. ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार आणि जबाबदारी एकाच माणसाच्या हाती होती, आणि तो माणूस ती ओळखून होता.

परंतु जी सुरक्षितता एका माणसाच्या करारीपणावर उभी असते, ती त्या माणसाबरोबरच जाते. नवी ‘हिंडेनबुर्ग’ नौका तयार झाली त्या वेळी सत्ता नाझी पक्षाकडे होती. १९३६ च्या मार्चमध्ये पक्षाच्या प्रचारफेरीसाठी ती वाऱ्यात घाईने बाहेर काढली गेली, आणि तिच्या शेपटाचा पंखा जमिनीला लागून मोडला. एकेनर कप्तानावर संतापले. परिणाम एवढाच झाला, की त्यांचे नाव व छायाचित्र वृत्तपत्रांत छापू नये असा प्रचारमंत्र्यांचा हुकूम सुटला. हेलियम हा न जळणारा वायू अमेरिकेपाशी होता, पण तो परदेशी पाठविण्यास तेथील कायद्याची बंदी होती. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे उतरताना ‘हिंडेनबुर्ग’ पेटली. नौकेवरील ९७ पैकी ३५ आणि जमिनीवरील एक, अशी ३६ माणसे दगावली. गळलेल्या वायूला विजेची ठिणगी लागली असावी, असेच बहुतेक तज्ज्ञ मानतात. चित्रपटाच्या फितीने ते दृश्य जगभर नेले, आणि त्यानंतर पैसे देऊन कोणी उतारू अशा नौकेने समुद्रापार गेला नाही. अमेरिकेने आपल्या नौकांत हेलियमच भरला होता. तरी ‘शेनान्डोआ’, ‘ॲक्रॉन’ आणि ‘मेकन’ या तिन्ही वादळवाऱ्यांनी गिळल्या. म्हणजे दोष एकट्या हायड्रोजनचा नव्हता.

आता पुन्हा कराचीकडे वळू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, ‘आर १०१’ च्या अपघाताला दोन वर्षे होऊन गेली असता, कराचीच्या ड्रिग रोड मैदानावरून एक चिमुकले, एका एंजिनाचे विमान निघाले. जवळच तो प्रचंड लोखंडी छपरा रिकामा उभा होता. त्या विमानात उतारू नव्हते, गालिचे नव्हते; विलायती टपालाच्या थैल्या तेवढ्या होत्या. चालविणारे होते तरुण जे. आर. डी. टाटा. वाटेत अहमदाबादेस बैलगाडीतून आणलेल्या डब्यांतले पेट्रोल भरून ते मुंबईस जुहूला उतरले. पावसाळ्यात जुहूचे मैदान पाण्याखाली जाई. तेव्हा त्यांची विमाने पुण्यास येरवड्याजवळच्या मैदानावर उतरू लागली. हा तपशील लहान दिसतो, परंतु सारे मर्म त्यात आहे. मैदान बुडाले तर दुसरे मैदान. आजची हवा वाईट तर उद्याचे उड्डाण. एका विमानाचा नकार कोणाच्या साम्राज्याची अब्रू घेत नव्हता. विमाने पडत नव्हती असे नाही. ती वायुनौकांहून पुष्कळ अधिक पडली. पण ती लहान होती, पुष्कळ होती. एकाच्या चुकीवरून दुसरे सुधारता येत होते. याउलट, वायुनौका एक पडली की एका राष्ट्राचा सारा उद्योगच आडवा होई.

इंदापूर तालुक्यातील श्रोत्यांना येथे शेठ वालचंद हिराचंद यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. कळंबच्या उजाड माळावर ज्यांनी साखर कारखाना आणि वालचंदनगर वसविले, तेच वालचंद १९३९ साली अमेरिकेहून विमानाने येत असताना पॉली नावाच्या एका विमान-व्यवसायिकाला भेटले. त्या भेटीतून १९४० च्या डिसेंबरात बंगळूर येथे ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ हा कारखाना स्थापन झाला. पुढे वालचंदनगरच्या कारखान्यात अवकाश-संशोधनाच्या अग्निबाणांचे भाग घडले, आणि बारामतीच्या माळावर वैमानिक घडविणाऱ्या शाळांची लहान विमाने घिरट्या घालू लागली. कराचीचा काळा छपरा मात्र १९६० नंतर लवकरच पाडला गेला. अलीकडे अमेरिकेत हेलियमवर उडणाऱ्या ‘पाथफाइंडर १’ या कठीण सांगाड्याच्या नौकेच्या चाचण्या होऊ लागल्या आहेत. कोण जाणे, हे साधन पुन्हा एकदा मनुष्याच्या उपयोगी पडेलही.

तसे झाले, तर त्यापूर्वी मॅकवेडचे ते पत्र कोणीतरी पुन्हा वाचावे. आपल्या भागात साखर कारखान्याच्या हंगामाला आरंभ होतो तो बॉयलरच्या अग्निप्रदीपनाने. पाहुणे येतात, हार घातले जातात, मोळी टाकली जाते. पण त्या समारंभाच्या पत्रिकेवर बॉयलर-निरीक्षकाचे नाव बहुधा नसते. नसले तरी चालेल. त्याची सही मात्र पत्रिका छापण्यापूर्वी झालेली असावी, आणि ज्याचा बॉयलर त्याच्या हाताखाली तो निरीक्षक नसावा. तो ‘आज नाही’ म्हणाला तर हार कोमेजतील, पाहुणे रुष्ट होतील, वृत्तपत्रांत चार ओळी येतील, एवढेच. धरण असो, पूल असो, कारखाना असो की आकाशातली नौका असो, जेथे हा नकार देण्याचा अधिकार स्वतंत्र आहे आणि तो ऐकण्याचे बंधन सर्वांवर आहे, तेथेच सामान्य उतारूने निर्धास्तपणे पाऊल टाकावे. वायुनौकांच्या तीस-चाळीस वर्षांच्या वैभवातून आणि विनाशातून आपल्या पदरात पडलेले धन एवढेच आहे, आणि ते थोडे नाही.